नुसतं बघायला जायचं!

सकाळी मुलांच्या डब्याची घाई तुमच्याकडेही असेलच. आमच्या धाकट्याला डब्यात सँडविच लागतं, आणि तेही कडा काढलेलं! कितीही रागावलं तरी कडा परत येतात. मग त्या कडा, पाकिटातले पहिला-शेवटचा जाड तुकडा, कालच्या मिसळीचा उरलेला पाव, असं सगळं ओट्यावरच्या एका स्टीलच्या डब्यात जमा होत जातं. टाकवत नाही हो! अन्न आहे शेवटी.

गेली तीन वर्षं त्या डब्यावर हक्क होता आमच्या सासूबाईंचा. दिवाळी सरली, पहाटे गारवा पडू लागला की त्या डब्यातला पाव हातानं बारीक चुरायच्या, पिशवीत भरायच्या आणि साडेसातला चपला पायात सरकवून निघायच्या. "पाखरांना घालून येते गं," एवढंच सांगायच्या. तासाभरानं परत. येताना पिशवी रिकामी आणि चेहरा जरा हलका झालेला.

आमचं गाव उजनीच्या पाण्याच्या काठावर आहे, भिगवणपासून फार लांब नाही. हिवाळ्यात आमच्याकडे दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक गळ्यात मोठे कॅमेरे अडकवलेले पुण्या-मुंबईचे, आणि दुसरे पंखांचे. आम्हाला मात्र दोघांचंही फारसं कौतुक नव्हतं. रोजच्या वाटेवरचं पाणी, त्यावरची पाखरं, त्यात काय बघायचं? मी लग्न होऊन इथे आले त्याला वीस वर्षं झाली. वीस हिवाळ्यांत मी एकदाही मुद्दाम काठावर जाऊन उभी राहिले नव्हते.

गेल्या डिसेंबरात एक दिवस सासूबाईंना यायला उशीर झाला. दूध उतू गेलं, ह्यांची ऑफिसची गाडी चुकली आणि आईंचा पत्ता नाही. शेवटी मी गॅस बंद करून शोधायला निघाले. बघते तर घाटाच्या शेवटच्या पायरीवर आई उभ्या. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडतोय, हात वर, आणि भोवती पन्नासेक पांढऱ्या पाखरांचा नुसता कल्ला! हवेत फेकलेला तुकडा पाण्यात पडायच्या आत एखादं झेपावून तो उचलत होतं. आमच्या आई, एरवी घरात मोजून चार शब्द बोलणाऱ्या, त्या पाखरांशी मोठमोठ्यानं बोलत होत्या. "ए, तू थांब, तुला झालं आता! त्याला घेऊ दे की!" मी मागच्या मागे परत आले. उशिराबद्दल काही बोलवेना.

सासरे गेल्यापासून त्या फार गप्प झाल्या होत्या. त्यांना बोलतं करणारं कुणी आहे, हेच मला बरं वाटलं.

पण नाताळच्या सुट्टीत आमची मोठी घरी आली. ती बारामतीला बी.एस्सी. करते, विषय प्राणिशास्त्र. आजीबरोबर ती पाण्यावर गेली आणि परत आल्या आल्या तिनं जाहीर केलं, "आजी, उद्यापासून पाव घालायचा नाही. ते त्यांचं खाणं नाही."

झालं! आई पाटावर बसल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. "मुक्या जीवाला घास घालू नये असं कुठं लिहिलंय गं?" लेक पण आजीचीच नात. तिनं शास्त्र सांगायला सुरुवात केली. मी मध्ये पडून विषय थांबवला खरा, पण दुसऱ्या दिवशी आई गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. डबा पावानं भरून झाकण बसेना.

लेकीचं चुकलं होतं का? बोलण्याची पद्धत चुकली. म्हणणं चुकलं नव्हतं. ती मला सांगत होती ते मी भांडी घासताना ऐकत होते, आणि मैत्रिणींनो, ऐकता ऐकता माझा हात थांबला. त्यातलं थोडं तुम्हालाही सांगते.

त्या पांढऱ्या पाखरांचं मराठी नाव आहे कुरव. समुद्रावर सीगल म्हणतात तेच. आमच्याकडे येणारे बरेचसे 'तपकिरी डोक्याचे कुरव' असतात. पण गंमत अशी, की ते आपल्याकडे येतात तेव्हा त्यांचं डोकं तपकिरी नसतंच! पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. वीण होते ती उन्हाळ्यात, पार लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी, आणि तिकडे जायची वेळ जवळ आली की डोक्याला तपकिरी रंग चढायला लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडचे काही कुरव अर्धवट रंगलेले दिसतात. माहेरी निघालेली लेक आठ दिवस आधीपासून बॅग भरायला काढते ना, तसंच!

मासे, किडे, मच्छीमारांनी टाकलेले माशांचे तुकडे हे कुरवांचं अन्न. पाव दिला तर ते खातात, शेव दिली तर तीही खातात. मुंबईला गेटवेहून एलिफंटा किंवा मांडव्याच्या बोटीत बसलात तर लोक त्यांना वेफर आणि कुरकुरे फेकताना दिसतील. पण खातात म्हणजे मानवतं असं थोडंच आहे? आपल्या घरचा मधुमेही पाहुणा आठवा. "एक तरी घ्याच" म्हणून आपण आग्रह करकरून त्याच्या पानात जिलबी वाढतो. तो संकोचून खातो. आपल्याला पाहुणचार केल्याचं समाधान मिळतं, आणि घरी गेल्यावर भोगतो तो! पावाचं तसंच. पोट भरतं, पण हाडा-पिसांना लागणारं त्यात फारसं काही नसतं. आणि ह्या पाखरांना मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उडून जायचं असतं. वाटेत हिमालय! त्यांच्याच वाटेनं येणारा पट्टकदंब हंस हिमालय ओलांडताना सात हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे. अशा प्रवासाची शिदोरी ब्रेडच्या कडांची कशी चालेल?

दुसरं, जो तुकडा पाखरू उचलत नाही तो पाण्यात कुजतो. उथळ, संथ पाण्यात कुजणाऱ्या गोष्टी साठल्या की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, शेवाळ माजतं. २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले ते कशानं, तर कुजक्या सेंद्रिय पदार्थांत वाढणाऱ्या जिवाणूच्या विषानं. तिथे कारण पाव नव्हता, हे खरं. पण कुजकं पाणी पाखरांना काय करू शकतं, ते तिथे दिसलं. शिवाय एकाच जागी रोज खाणं मिळालं की पाखरं गर्दी करतात, आणि गर्दीत आजार पसरायला वेळ लागत नाही. उजनीत वरच्या शहरांचं सांडपाणी आधीच येतंय. त्यात आपली भर कशाला?

हे सगळं मला पटलं. प्रश्न होता आईंना कसं सांगायचं. मी चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "अहो आई, पाव नको घालायला, पण तुम्ही जा की. पाखरं बघून या." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की हिला काही कळतंय का!

"नुसती जाऊन उभी राहू? रिकाम्या हातानं? लोक काय म्हणतील, म्हातारी कुणाची वाट बघती?"

मैत्रिणींनो, ह्या एका वाक्यानं माझी झोप उडवली. खरंच, काय म्हणतील? मी माझ्याच मनाला विचारलं. घाटावर पुरुष बसलेले असतात. तंबाखू मळत, पेपर वाचत, काहीच न करत. त्यांना कुणी विचारत नाही. बाई मात्र पाण्यावर गेली तर हातात कपड्यांची बादली हवी, नाहीतर पूजेचं ताट, निदान पाखरांना घालायला पिशवी तरी. बाईच्या हातात काम नसेल तर बघणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच प्रश्न उभा राहतो. आणि त्या बघणाऱ्यांत आपणही असतो! समोरच्या काकू दोन दिवस नुसत्या गॅलरीत उभ्या राहिल्या तर "घरात काही झालं का हो?" असं मीच विचारलं होतं.

आईंची ती पिशवी पाखरांसाठी होतीच. पण त्याहून जास्त ती उभं राहायचा परवाना होती.

मग त्या हळूच म्हणाल्या, "तिकडं, ती वाळलेली झाडाची खुंटं दिसतात ना पाण्यात, त्याच्या पलीकडं आमचं शेत होतं."

वीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं असं नाही. आईंचं माहेर धरणात गेलं, हे लग्न ठरतानाच ऐकलं होतं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. गावंच्या गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की अजून वर डोकं काढतं, लोक बघायला जातात. पण 'माहेर धरणात गेलं' हे वाक्य आपण ऐकतो आणि पुढे जातो. आई रोज सकाळी तासभर कुठे बघत उभ्या असतात, हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. पाखरं त्यांच्या माहेरच्या शेतावर उतरत होती!

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "चला आई, मी येते." थर्मासमध्ये चहा घेतला. सासऱ्यांची जुनी दुर्बीण कपाटात होती, ती लेकीनं काढून पुसून दिली. पिशवी नेली नाही. ह्यांना सांगितलं, आज तुमचा डबा तुम्ही भरा. जगबुडी झाली नाही.

पहिल्या दिवशी कुरव आले. डोक्यावर घिरट्या घातल्या, ओरडले. आईंचा जीव कासावीस झाला. "बघ कशी मागताहेत!" दुसऱ्या दिवशी कमी आले. चौथ्या दिवशी ते तिकडे होडीच्या मागे, जाळं ओढणाऱ्यांच्या मागे मासे टिपत होते. आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आई थोड्या रुसल्या. मग म्हणाल्या, "आपल्यावाचून अडलं न्हाई म्हणायचं त्यांचं." आणि हसल्या. एकटं राहणं शिकलेल्या बाईचं ते हसू होतं.

आणि मग आम्हाला बदकं दिसली.

खरं सांगते, बदकं आधीपासून तिथे होतीच. पण पाव टाकला की येतात ती धीट पाखरं. कुरव येतात, कावळे येतात, मागून कुत्री येतात. त्या गोंधळात बुजरी पाखरं लांब सरकतात. बागेतली पांढरी पाळीव बदकं माणसाच्या हातचं खातात. रानबदकं नाही खात, ती दुरूनच आपल्याला जोखत असतात. देणाऱ्याच्या हाताभोवती जी गर्दी होते तेवढीच देणाऱ्याला दिसते. हात रिकामा झाला तेव्हा आमची नजर लांब गेली.

काठच्या पाणवनस्पतींतून एक जोडी बाहेर आली. काळी चोच, टोकाला पिवळा रंग, मुळाशी दोन लालसर ठिपके. लेक म्हणाली, "आजी, ह्याचं नाव हळदी-कुंकू बदक." आईंनी दुर्बीण सोडलीच नाही! "कुणी ठेवलं गं नाव? बाईनंच ठेवलं असणार." ही बदकं परदेशी पाहुणी नव्हेत बरं का, इथलीच. बारा महिने आपल्याकडे राहतात आणि पिलंही इथेच काढतात. पुढे थापटे दिसले. चोच कालथ्यासारखी पसरट, कडांना बारीक दातरं. डोकं पाण्यात घालून ते पाणी गाळत फिरतात, आपण पिठाची चाळणी फिरवतो तसे. एकामागे एक गोल गोल फिरत पाणी ढवळायचं आणि वर आलेलं बारीकसारीक टिपायचं. भिशीच्या बायकांनाही जमणार नाही असा एकोपा! पलीकडे काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी होते. ते बदकात मोडत नाहीत. त्यांचं नाव वारकरी. आपली भीमा पुढे पंढरपूरलाच जाते, तेव्हा तिच्या पाण्यावर वारकरी असणारच, असं आई म्हणाल्या. आणि केशरी रंगाचे चक्रवाक. रात्री नदीच्या दोन काठांना ताटातूट होते, अशी ज्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली ते. आई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मीही काही बोलले नाही.

ही नावं कुणी पुस्तकात बसून बनवलेली नाहीत. मूळचे सोलापूरचे आणि अख्खं आयुष्य जंगलात काढलेले मारुती चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. त्यांनी मच्छीमार, आदिवासी, पारधी अशा माणसांकडून पाखरांची किती नावं गोळा करून ठेवली आहेत! त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. म्हणूनच महाराष्ट्रात २०२० पासून हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. दिवाळीचा फराळ उरलेला असतो, बदकं नुकती यायला लागलेली असतात. सुरुवात करायला ह्याहून चांगला मुहूर्त कुठला?

आता राहिला तो स्टीलचा डबा! आईंना अन्न वाया गेलेलं चालत नाही, मलाही नाही. मग पाव स्वयंपाकघरातच ठेवला. कडा आणि तुकडे उन्हात वाळवायचे, नाहीतर मंद आचेवर तव्यात कुरकुरीत करायचे. गार झाले की मिक्सरमधून फिरवायचे आणि कोरड्या बरणीत भरायचे. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र मोह नको. तो पाव आपल्यालाही नको आणि पाखरांनाही नको.

ह्या चुऱ्याचं किती काय होतं! आमच्या रविवारच्या कटलेटची रीत सांगते. चार उकडलेले बटाटे, वाटीभर मटार, एक किसलेलं गाजर, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, धणे-जिरे पूड, लिंबू, मीठ, कोथिंबीर. बटाटा चिकट वाटला तर आत अर्धी वाटी चुरा घालायचा, तो सुटलेलं पाणी ओढून घेतो. चपटे गोळे करून मैद्याच्या पातळ पाण्यात बुडवायचे, चुऱ्यात घोळवायचे, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून तव्यावर थोड्या तेलात भाजायचे. वांग्याचे, सुरणाचे, कच्च्या केळ्याचे काप आपण रव्यात घोळवतो, त्यात निम्मा रवा निम्मा चुरा घ्या. आमच्याकडे चिलापीचे तुकडेही आता असेच तळतात. रस्सा पातळ झाला तर चमचाभर चुरा. आणि चुरा करायचाच कंटाळा आला तर कांदा, कढीपत्ता, शेंगदाण्यांची फोडणी देऊन फोडणीचा पाव आहेच. जानेवारीत कडा काढणारा आमचा धाकटा कटलेट खाताना म्हणाला, "आई, हे वर कुरकुरीत काय आहे?" मी म्हटलं, "तू टाकलेलं!"

काहीजणी म्हणतील, मग आता चिमणीला दाणेही घालायचे नाहीत का? काकबळीचं काय? तसं नाही हो. उन्हाळ्यात गच्चीत मातीच्या भांड्यात पाणी जरूर ठेवा, भांडं रोज धुवा. अंगणात चिमण्या येत असतील तर मूठभर बाजरी घाला. देण्याची आपली रीत चांगलीच आहे. पण जो पाहुणा आपलं जेवण शोधायला समर्थ आहे, त्याला आपल्याकडून हवी असते ती स्वच्छ जागा. पाण्यात प्लॅस्टिक आणि निर्माल्य न जाणं, काठचं गवत न जाळणं, तुटक्या जाळ्यांचे नायलॉनचे तुकडे उचलणं, होडी त्यांच्या थव्यात न घुसवणं, हाच त्यांचा पाहुणचार.

आणि आपला पाहुणचार? तो कोण करणार? माझं खरं म्हणणं इथेच आहे. बायकांना बघण्यासाठी निमित्त का लागावं? देवाला जाताना, दवाखान्यात जाताना, भाजी आणताना वाटेत दिसलं तेवढंच आपलं बघणं. मोकळ्या वेळातही आपण मटार सोलत टीव्ही बघतो! अर्धा तास काहीही न करता, कुणासाठीही न थांबता पाण्याकडे बघत बसणं हा आळस नाही. आईंनी तो अर्धा तास तीन वर्षं पावाच्या पिशवीआड लपवला, कारण तो उघडपणे मागायची सोय आम्ही घरात ठेवली नव्हती. पाखरांना पाव घालू नका हे सांगायला माझी लेक होती. आईंना उभं राहायला जागा द्या, हे सांगायला कुणीच नव्हतं.

तुमच्या गावात उजनी नसेल, पण एखादं तळं, पाझर तलाव, नदीचा डोह, निदान गावाबाहेरची पाणथळ जागा असेलच. नोव्हेंबर ते मार्च तिथे कुणीतरी उतरलेलं असतं. सकाळी एकटीनं जायला संकोच वाटला तर दोघी जा, चौघी जा. दुर्बीण नसली तरी चालतं. विचारलंच कुणी, "काय करताय इथं?" तर सरळ सांगा, "बघतोय."

मार्चच्या शेवटी कुरव गेले. जायच्या आधी एकाचं डोकं पुरतं तपकिरी झालेलं आईंनी मला दाखवलं. पाणी आता बरंच खाली गेलं होतं, ती खुंटं उघडी पडली होती. आता आमच्याबरोबर शेजारच्या दोघी यायला लागल्यात. परवा घाटावर पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनी आईंना विचारलंच, "आज पाखरांना काही आणलं न्हाई का?"

आई पायरीवर बसत म्हणाल्या, "पाखरं गेली. मी माझी आलेय."